घरात काय आहे?

तरावीहची नमाज संपली की मशिदीबाहेरचा रस्ता तासभर गजबजलेला असतो. खजुराच्या गाड्या, फालुद्याचे ग्लास, उकळत्या तेलात सुटणारी भजी आणि या सगळ्यांत उभ्या उभ्या चाललेल्या गप्पा. गप्पांचे विषय बहुतेक ठरलेले. धंद्यात राम राहिला नाही. मुलगा शिकून घरी बसलाय. नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. थोरला भाऊ वाटणीपासून बोलत नाही. शेवटी कुणीतरी सुस्कारा टाकतो, ‘अल्लाह की मर्जी’ म्हणतो, बाकीचे माना हलवतात आणि मंडळी सहरीच्या आधी चार तास झोप मिळावी म्हणून घराकडे वळतात. पलीकडच्या गल्लीत देवळाच्या पारावर बसलेल्यांची यादी यापेक्षा फारशी वेगळी नसते. तिथे शेवटचं वाक्य तेवढं ‘नशिबात असेल तसं होईल’ असं असतं.

बोलल्याने मन हलकं होतं, त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तीच जागा आणि तीच यादी असते. महिनाभर रोज रात्री उगाळलेल्या दुःखांपैकी एक तरी ईदपर्यंत कमी झालं का, असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येतं. रमजान हा स्वतःचा हिशेब तपासण्याचा महिना मानला जातो. त्या हिशेबात ही यादीही घ्यायला हवी. यातलं आपल्या हातात काय आहे आणि त्याला आपण हात लावला का?

कुरआनच्या तेराव्या अध्यायात, सूरह रअदमध्ये, याविषयी एक नियम आला आहे. लोक आपल्या अंतरात बदल करीत नाहीत तोवर अल्लाह त्यांची अवस्था पालटत नाही, असा त्याचा आशय. शुक्रवारच्या प्रवचनात हा आशय इतक्यांदा ऐकलेला असतो की तो कानावरून निघून जातो. त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ समजून घ्यायचा तर मदीनेतल्या एका लिलावाची गोष्ट पाहायला हवी.

दोन दिरहमांचा लिलाव

‘सुनन अबू दाऊद’ या हदीससंग्रहात ही हकीकत आहे. मदीनेतला एक अन्सारी, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. घरात खायला नव्हतं. प्रेषितांनी त्याला विचारलं, घरात काहीच नाही का? त्याने सांगितलं, एक जाडंभरडं कापड आहे, त्याचा अर्धा भाग अंगावर घेतो आणि अर्धा खाली अंथरतो. आणि पाणी प्यायचं एक लाकडी भांडं आहे. प्रेषितांनी त्या दोन्ही वस्तू आणायला सांगितल्या.

वस्तू हातात घेऊन त्यांनी तिथेच जमलेल्यांत लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम बोलला. आणखी कोण देतो, असं त्यांनी दोन-तीनदा विचारलं, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहमांना त्या घेतल्या. ते दोन दिरहम त्या माणसाच्या हातात देऊन प्रेषितांनी सांगितलं, एकाचं धान्य घेऊन घरी दे आणि दुसऱ्याचं कुऱ्हाडीचं पातं विकत घेऊन माझ्याकडे ये. तो पातं घेऊन आला. प्रेषितांनी त्यात आपल्या हाताने दांडा बसवला आणि त्याला सांगितलं, जा, लाकूड तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस.

पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते. त्यातून त्याने काही कपडा आणि काही धान्य घेतलं होतं. कियामतच्या दिवशी चेहऱ्यावर भीक मागितल्याचा डाग घेऊन येण्यापेक्षा हे चांगलं, असं प्रेषितांनी त्याला सांगितलं.

ही गोष्ट ‘कष्ट करा’ एवढ्याच उपदेशासाठी सांगितली जाते. तिच्यातले बारकावे मात्र सांगायचे राहून जातात. एक तर तो माणूस आळशी होता असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याला कुणी ओरडलं नाही. त्याला एक प्रश्न विचारला गेला, आणि प्रश्न होता घरात काय ‘आहे’ याचा. आपल्यापाशी काही नाही असं सांगत आलेल्या माणसाला आपल्यापाशी दोन वस्तू आहेत हे त्या प्रश्नामुळे आठवलं.

दुसरं म्हणजे पहिला दिरहम धान्यावर गेला. पोरंबाळं उपाशी ठेवून उद्योग सुरू करायला त्याला सांगितलं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तो एकटा नव्हता. दुप्पट बोली लावणारा कुणीतरी भोवती होता, आणि दांडा बसवून देणारे हात खुद्द प्रेषितांचे होते. लाकूड मात्र त्याचं त्यालाच तोडायचं होतं. पंधरा दिवस इकडे फिरकू नकोस, या सांगण्यात कठोरपणा दिसतो. पण चार दिवसांनी हात सोलवटले म्हणून तो परत आला असता, तर भोवतालच्या दयेने त्याची कुऱ्हाड कोपऱ्यात पडली असती.

याच हकीकतीच्या शेवटी मागण्याची मुभा कुणाला, तेही सांगितलं आहे. हलाखीने मोडून पडलेल्याला, कर्जाने पिचलेल्याला आणि खुनाची भरपाई देण्याची जबाबदारी अंगावर आलेल्याला. याचा अर्थ ज्याला खरोखर उभं राहता येत नाही त्याच्या डोक्यावर ‘तुझं तू बघ’ हे वाक्य मारायला ही गोष्ट वापरता येत नाही.

नशिबाकडून नशिबाकडे

प्रयत्नांचा विषय निघाला की तकदीर आडवी येते. जे व्हायचं ते लिहिलेलंच आहे, मग धडपड कशाला? हा प्रश्न आजचा नाही. दुसरे खलीफा हजरत उमर (र.) यांच्या काळात तो जाहीरपणे विचारला गेला होता.

उमर मदीनेहून सीरियाकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी पोहोचल्यावर पुढे साथीचा रोग पसरल्याची बातमी आली. त्यांनी आधी मुहाजिरांना, म्हणजे मक्केहून आलेल्या सहकाऱ्यांना विचारलं, मग अन्सारांना, मग कुरैशांतल्या वृद्धांना. पहिल्या दोन्ही गटांत मतभेद झाले. वृद्धांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. उमर यांनी परतीचा निर्णय जाहीर केला, तेव्हा सेनापती अबू उबैदा (र.) यांनी आक्षेप घेतला. अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळ काढता का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा की होय, अल्लाहच्या एका नशिबाकडून त्याच्याच दुसऱ्या नशिबाकडे जातो आहोत. त्यांनी उदाहरण दिलं ते उंटांचं. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट हिरव्या बाजूला नेणं हेही अल्लाहच्या लिखिताबाहेरचं नाही.

तिर्मिझीच्या संग्रहातली एक छोटी हदीस याच धाटणीची आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू की बांधून, असं एकाने विचारलं. आधी बांध आणि मग भरोसा ठेव, असं त्याला सांगण्यात आलं. यालाच तवक्कुल म्हणतात. बांधण्याचं काम माणसाकडे आणि बांधल्यानंतर जे होईल ते अल्लाहकडे, अशी ही वाटणी आहे. ‘अल्लाह की मर्जी’ हे वाक्य चुकीचं नाही. दोरी हातात घेण्याआधीच ते तोंडात आलं, की त्याची जागा चुकते.

सब्र या शब्दाचंही असंच झालं आहे. सब्र म्हणजे गप्प बसून सोसणं, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. मूळ अरबी शब्दात रोखून धरण्याचा, स्वतःला आवरण्याचा भाव आहे. रमजानला सब्रचा महिना म्हणतात, कारण या महिन्यात माणूस दिवसभर स्वतःला रोखून धरतो. हे करायला ताकद लागते, आणि ती ताकद सोसण्यापुरतीच वापरावी असं कुठे म्हटलेलं नाही.

तक्रार कुठे न्यायची

काही परिस्थिती स्वतःच्या मेहनतीने बदलत नाहीत. अन्याय दुसऱ्याने केलेला असतो, किंवा रीतच अन्यायाची असते. अशा वेळी जबाबदारी घ्यायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तर एका बाईच्या हकीकतीत मिळतं.

खौला बिन्ते सअलबा (र.) मदीनेत राहत. त्यांचे पती औस बिन सामित म्हातारे झाले होते, स्वभावाने चिडचिडे. एकदा रागाच्या भरात ते खौलांना म्हणाले की तू मला माझ्या आईसारखी. अरबस्तानातल्या जुन्या रीतीप्रमाणे या वाक्याने बायको नवऱ्याला वर्ज्य होई. म्हणजे नवरा बोलून मोकळा आणि शिक्षा बायकोला. थोड्या वेळाने औस यांचा राग उतरला, पण खौलांनी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. आधी याचा निवाडा होऊ दे, असं म्हणून त्या थेट प्रेषितांकडे गेल्या.

तोवर या रीतीविरुद्ध कोणताही आदेश आलेला नव्हता. अनुकूल उत्तर मिळेना, तरी त्या उठल्या नाहीत. तरुणपण या माणसाच्या संसारात गेलं, मुलं झाली, आता या वयात हे? त्या बाजू मांडत राहिल्या आणि अल्लाहकडे गाऱ्हाणं घालत राहिल्या. त्याच घरात असलेल्या हजरत आयेशा (र.) यांनी पुढे सांगितलं, की मला त्यांचं काही बोलणं ऐकूही येत नव्हतं, पण अल्लाहने ते ऐकलं. त्याच बैठकीत कुरआनच्या 58व्या अध्यायाच्या सुरुवातीच्या आयती अवतरल्या. त्या अध्यायाचं नावच ‘मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री. ती रीत खोटी आणि निंद्य ठरली. असं बोलणाऱ्या नवऱ्यावर प्रायश्चित्त आलं. गुलाम मुक्त करावा, नाहीतर सलग दोन महिने रोजे ठेवावेत, तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालावं.

औस यांच्याकडे गुलाम नव्हता, रोजे ठेवण्याची ताकद नव्हती आणि साठ जणांना जेवू घालण्याइतकी ऐपतही नव्हती. प्रेषितांनी खजुरांची एक टोपली देऊ केली. तेव्हा खौला म्हणाल्या, दुसरी टोपली मी देते. इथेही तोच प्रश्न, घरात काय आहे, आणि या वेळी तो कुणी विचारण्याआधीच त्यांनी उत्तर दिलं होतं.

पुढे उमर खलीफा असताना एकदा रस्त्यात या वृद्धेने त्यांना थांबवलं आणि बराच वेळ चार शब्द सुनावले. सोबतच्या लोकांना ते रुचलं नाही. उमर यांनी त्यांना सांगितलं की जिचं म्हणणं सात आसमानांवरून ऐकलं गेलं, तिचं उमरने कसं ऐकू नये?

खौलांनीही तक्रारच केली होती. पण ती शेजारच्या ओट्यावर रोज संध्याकाळी केली नाही. जिथे निवाडा होऊ शकत होता त्या दारात त्या गेल्या आणि उत्तर मिळेपर्यंत बसल्या. नळाला पाणी येत नाही, हे खजुराच्या गाडीपाशी शंभरदा सांगून पाणी येत नाही. गल्लीतल्या वीस घरांच्या सह्यांचा एक अर्ज, त्याची पोच आणि महिन्याने पुन्हा घातलेली खेप, यातून ते येण्याची शक्यता तरी निर्माण होते. आजच्या काळात खौलांच्या वाटेने जायचं ते असं.

खाली ठेवलेली कुऱ्हाड

मदीनेत दांडा बसवून हातात दिलेल्या कुऱ्हाडीची गोष्ट वर आली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावाने मात्र कुऱ्हाड खाली ठेवून आपली परिस्थिती बदलली. हिवरे बाजार हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. अवर्षणाचा पट्टा, 1972च्या दुष्काळाने कंबरडं मोडलेलं, डोंगर उघडेबोडके, दारूच्या भट्ट्या आणि पोट भरण्यासाठी मुंबई-पुण्याकडे निघून गेलेली माणसं अशी या गावाची अवस्था होती. 1989मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने काही बंधनं स्वतःवर घालून घेतली. झाडं तोडायची नाहीत म्हणून कुऱ्हाडबंदी, डोंगरावर गुरं सोडायची नाहीत म्हणून चराईबंदी, शिवाय नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हेही ठरलं. पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडायचा आणि पाऊस किती झाला ते पाहून पीक ठरवायचं, ही पद्धत रुळली. सरकारी योजनांचा पैसा आला, तो नाकारला नाही. पण समतल चर खणायला आणि बांध घालायला गावाचे हात लागले.

तिथे आभाळातून जास्त पाऊस पडू लागला नाही. पडलेलं पाणी थांबू लागलं, विहिरींना पाणी आलं आणि गेलेली माणसं परत आली. मुस्लिम कुटुंब गावात एकच होतं. त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधली. परिस्थिती बदलणारं गाव स्वतःच्या पाण्यापुरतं बदलत नाही, हे यातून दिसतं.

एकाला कुऱ्हाड हातात घ्यावी लागली, दुसऱ्यांना ती खाली ठेवावी लागली. म्हणून कुणाच्या तरी यशाची नक्कल करून भागत नाही. कुणाला नवीन काम सुरू करावं लागेल, तर कुणाला वर्षानुवर्षांची एक सवय थांबवावी लागेल. आपली गोष्ट यांतली कोणती, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

तेरा तासांचा पुरावा

‘मला नाही जमणार’ या वाक्याला रमजानसारखा खोटं पाडणारा महिना दुसरा नाही. जेवणानंतर तंबाखूची चिमूट नसेल तर डोकं दुखतं म्हणणारा माणूस या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय राहतो. दर तासाला चहा लागणारा दुकानदार समोरच्या टपरीवरचा वास घेत दिवस काढतो. कुणाचा पहारा नसतो. न्हाणीघरात एक घोट पाणी प्यायलं तर कुणाला कळणारही नाही, तरी तो पीत नाही. जे हलाल आहे त्यालाही ‘आत्ता नको’ म्हणता येतं, हे तो तीस दिवस स्वतःला दाखवून देतो. मग जे मुळातच वाईट, त्याला ‘नको’ म्हणता येत नाही हे कसं मानायचं?

मगरिबची अजान होते, रोजा सुटतो आणि खजुरापाठोपाठ पुडीही सुटते. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं होतं. खोटं बोलणं आणि वाईट वागणं ज्याने सोडलं नाही, त्याने खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा आशयाची हदीस आहे. कुणी भांडायला आलं तर ‘माझा रोजा आहे’ एवढंच सांगावं, असंही शिकवलं गेलं. जो माणूस दुपारी गिऱ्हाइकाच्या शिवीला हे उत्तर देतो, त्याला रात्री घरात बायको-मुलांवर आवाज न चढवणंही जमायला हवं. घरातली धुसफूस ही यादीतली अशी एक बाब आहे, जिच्यासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. वाटणीवरून अबोला धरलेल्या भावाकडे इफ्तारची थाळी पाठवायलाही कुणाची परवानगी लागत नाही. थाळी परत आली तरी आपल्या बाजूचं काम झालेलं असतं.

ज्यांच्या हाती चार पैसे आहेत त्यांच्यासाठी या गोष्टीत वेगळं काम आहे. निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी शिल्लक असणारा मुसलमान वर्षाला अडीच टक्के जकात देतो, आणि आपल्याकडे ती बहुतांशी रमजानमध्येच निघते. शंभर जणांना थोडे थोडे पैसे वाटले की दारासमोर रांग लागते, देणाऱ्याला समाधान मिळतं आणि पुढच्या वर्षी तीच रांग पुन्हा लागते. त्यातल्या एका विधवेला शिलाई मशीन, एका तरुणाला हातगाडी किंवा एखाद्याला कर्जातून सोडवण्याएवढी रक्कम दिली, तर पुढच्या रमजानमध्ये रांगेत ती माणसं कमी होतील. अर्थात पहिला दिरहम धान्याचा, हे लक्षात ठेवून. आज ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याला मशीन दाखवून उपयोग नाही. बोली दुप्पट करणारा आणि दांडा बसवून देणारा माणूस भोवती नसेल, तर ‘स्वतःची जबाबदारी स्वतः घ्या’ हे वाक्य गरिबाला टोमण्यासारखं लागतं.

मशिदीबाहेरच्या गप्पा आजही होतील आणि उद्याही होतील. त्या बंद करायची गरज नाही. सहरीला उठल्यावर, पहिला घास घेण्याआधी, रात्रीच्या यादीतली एक गोष्ट निवडावी. जिच्यात आपल्याला काहीच करता येत नाही ती दुआसाठी ठेवावी. जिच्यात करता येतं, तिच्यासाठी घरात काय आहे ते पाहावं. एखादं जुनं कापड निघेल, एखादं भांडं निघेल, हातातली एखादी कला निघेल, न पाठवलेला अर्ज निघेल किंवा गिळून टाकलेला माफीचा शब्द निघेल. त्याच्या जोरावर पंधरा दिवस काम करून पाहावं. अर्धा रमजान संपला असेल तरी ईद सरेपर्यंत पंधरा दिवस मिळतातच.